खाऱ्या विहिरींचे वाटणीपत्र

आमच्या जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एक, इथली माणसं कोर्टात लग्नाला निघाल्याच्या उत्साहाने जातात. फणसाच्या एका झाडावरून आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. दुसरी, आपल्या माणसाकडे कागद मागणं हा इथे अपमान समजला जातो. ‘आमच्यात कागद कित्याक?’ असं म्हणून व्यवहार होतो आणि पुढे त्याच व्यवहारावरून दावा लागतो. वकिलांची चूल दोन्हीकडून पेटती राहते. मी ही गंमत लहानपणापासून लांबून पाहत होते. ती एक दिवस माझ्या नोकरीत येऊन बसेल असं काही वाटलं नव्हतं.

मी कणकवलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्या विभागाने बरीच वर्षं चिकाटीने एकच काम केलं: तोंडवलीच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यातलं मीठ मोजायचं. हा पट्टा म्हणजे वाळूची लांब जीभ आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. अशा ठिकाणी गोडं पाणी मिळतं हेच नवल. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर हलक्या थरासारखं तरंगत राहतं. आपण वरून जपून उपसलं तर ते वर्षभर पुरतं. हावरटपणा केला की खालचं खारं वर येतं. अलीकडे पर्यटक वाढले, त्यांच्या अंघोळी वाढल्या, प्रत्येक होमस्टेवर पंप बसला, आणि खारं पाणी हळूहळू वर यायला लागलं.

वाडीतल्या एका काकींच्या विहिरीवरून आमचं काम सुरू झालं होतं. काकी विधवा, साठीच्या आसपासच्या. घरामागे त्यांचे अबोलीचे वाफे. रोज दुपारी कळे काढायचे, संध्याकाळी वेण्या करायच्या, सकाळी पहिल्या एसटीने मालवणच्या बाजारात. नवरा गेल्यावर घर या अबोलीवर चाललं. पण अबोली मोठी मानी. पाण्यात मीठ आलं की ती भांडत नाही, नुसती पानं करपवून घेते. मग एका वर्षी शिमगा सरतानाच खालचे दोन वाफे करपले. काकींनी ठरवलं की पावसाआधी आपल्याच जागेत नवी विहीर खणायची. जागा दोन मनात होत्या: एक समुद्राच्या अंगाला उंडीच्या झाडाखाली, एक खाडीच्या अंगाला. त्यांनी मला सरळ विचारलं, “बाय, तू इतकी वर्सां बाटलये भरून नेतस. आता सांग, खंय खणू?”

मला सांगता आलं नाही. विहिरीत मीठ किती हे आमच्याकडे होतं. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर कुठे जाड आणि कुठे पातळ, हे आमच्याकडे नव्हतं. ते होतं मालवणच्या बाजूच्या एका संशोधन संस्थेच्या केंद्राकडे. त्यांनी त्याच पट्ट्यात जमिनीत वीज सोडून थरांची तपासणी केली होती. पण विहिरींतलं मीठ त्यांच्याकडे नव्हतं. म्हणजे दोघांकडे अर्धी अर्धी भाकरी, आणि दोघांनीही ती फडक्यात घट्ट बांधून ठेवलेली. काकींची विहीर चुकीच्या जागी पडली असती तर पुन्हा खणायची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि अबोलीतही नव्हती.

तुम्ही म्हणाल, मागायचं की. मागितलं. त्या केंद्राचे प्रमुख माझ्याच गावचे, शाळेत माझ्या एक वर्ग पुढे होते. ऑफिसात मी त्यांच्यासमोर बसले तर ते म्हणाले, “मॅडम, आपली विनंती प्राप्त झाली आहे. वरिष्ठ कार्यालयाच्या मान्यतेअंती आपणांस यथावकाश कळवण्यात येईल.” मग मला सोडायला जिन्यापर्यंत आले आणि तिथे त्यांच्या तोंडातली प्रमाण मराठी आपोआप गळून पडली. “चाय घेतलंस काय गो? आवस बरी आसा?” मी म्हटलं, आई बरी आहे, डेटा कधी देतोस? “देतलंय गो. तुका नाय तर कोणाक देतलंय?” हे आश्वासन मला जिन्यावर, बाजारात आणि एका लग्नाच्या पंगतीत मिळालं. टेबलापलीकडे गेलं की ते पुन्हा यथावकाश व्हायचं.

बरं, आमच्या दोन संस्थांमध्ये करार नव्हता असंही नाही. चांगला मोठा सामंजस्य करार होता. आमच्या प्राचार्यांना सामंजस्याची फार आवड. ज्या वर्षी तपासणी समिती येते त्या वर्षी ती विशेष उफाळून येते. शाल, श्रीफळ, दोन्हीकडचे लोक ओळीने उभे, मधे करार आडवा धरलेला, असा फोटो आमच्या कॉरिडॉरमध्ये लावलेला आहे. करारात लिहिलं होतं की उभय संस्था परस्पर सहकार्य वृद्धिंगत करतील. कोण कोणाला काय देईल, कधी देईल, याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. फोटोत मी कडेला आहे आणि हसतेय. कशाला हसत होते, देव जाणे.

शेवटी एकदा कणकवलीच्या डेपोजवळ चहा पिताना मी केंद्रप्रमुखांवर उखडले. म्हटलं, एका बाईची अबोली मरते आहे आणि तू मला जिन्यावर गोड बोलून वाटेला लावतोस. त्यावर ते म्हणाले, “माझो एक दोस्त होतो. तेका असोच सगळो डेटा दिलंय, तोंडी. आपलोच माणूस म्हणान. मगे ता छापून इला. मी माझा नाव शोधलंय. आभारात सुदीक नाय.” ते कप बशीत ठेवून म्हणाले, “तुझ्यार इस्वास नाय असा नाय गो. पण माका कागद होयो.”

मला राग आला. आपल्यात कागद? याची आई मला पेजेला बोलवायची. रागाच्या भरात मी एसटीत बसले आणि ओरोस येईपर्यंत मनात त्याला पुष्कळ बोलले. मग ध्यानात आलं की त्याने निदान खरं कारण सांगितलं. बाकी सगळ्यांनी मला फक्त वरिष्ठ कार्यालय सांगितलं होतं.

कागद करायचं ठरल्यावर त्यांच्या वरिष्ठ कार्यालयाकडून एक नमुना आला. जाडजूड, इंग्रजीत. वाद झाल्यास निवाडा दूरच्या कुठल्यातरी शहरात व्हायचा होता. त्यात इतक्या व्याख्या होत्या की शेवटी ‘पाणी’ म्हणजे काय याचीही एक असेल असं मला वाटायला लागलं. आमच्या प्राचार्यांनी तो हातात तोलून पाहिला आणि ऑफिसात पाठवला. ऑफिसाने तो फायलीला लावला. तिथे तो आजही सुखात आहे.

मग मीच म्हटलं, आपल्याकडे वकील काय कमी आहेत? कणकवलीला बाजारपेठेच्या वर एक म्हातारे वकील बसतात. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं: भावाभावांच्या वाटण्या. मी आणि केंद्रप्रमुख त्यांच्यापुढे बसलो आणि डेटा म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मिळकत खंय आसा?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये.

“कॉम्प्युटर कोणाच्या जाग्यात आसा?”

मी पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागले, तर त्यांनी हात वर केला. “समाजला. दोन भाव आसत. एकाकडे झाड, दुसऱ्याकडे झाडाक जाणारी वाट. होय मां?” इतकं बोलून त्यांनी टायपिस्टला हाक मारली आणि वाटणीपत्र सांगायला सुरुवात केली. दुसरं काही लिहायला त्यांना येतच नव्हतं.

तो मसुदा वाचून आम्ही दोघं जिन्यातच बसून हसलो. वर ठळक अक्षरांत ‘मिळकतीचे वर्णन’. खाली चतुःसीमा: पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस खाडी, उत्तरेस पहिली नोंद, दक्षिणेस शेवटची नोंद. मग वहिवाट: एकाच्या नोंदीकडे जाण्याची वाट दुसऱ्याने अडवू नये, मागणी आल्यावर पंधरा दिवसांत वाट मोकळी करून द्यावी, वरिष्ठांची सबब चालणार नाही. मग फळांचं कलम: सामाईक झाडाचे फळ कोणाच्याही अंगणात पडो, त्यावर दोघांची नावे राहतील, नाव गाळणाऱ्याने जाहीर माफी मागावी. सवयीने त्यांनी मोकाट गुरांबद्दलही एक कलम घातलं होतं. ते आम्ही राहू दिलं. आमच्या विद्यापीठातली काही माणसं मला आठवली.

हसून झाल्यावर केंद्रप्रमुख डोळे पुसत म्हणाले, “गो, पण ह्यात सगळा आसा.” आणि होतंच. त्या इंग्रजी नमुन्यात जे कुठेच सापडत नव्हतं ते इथे दीड पानात होतं: कोणी काय द्यायचं, कधी द्यायचं, आणि नाव कोणाचं लागायचं.

सह्यांच्या दिवशी मात्र वकील अडले. चष्म्यावरून बघत म्हणाले, “बावी कोणाच्यो?”

विहिरी वाडीतल्या लोकांच्या, आम्ही म्हटलं.

“तेंचा नाव खंय आसा हेच्यात?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. “भयणीक सोडून वाटणी केलास तर ती टिकणा नाय. धा वर्सांनी भाची येतली आणि दावो लावतली.” त्यांनी सह्या थांबवल्या आणि सांगितलं की विहिरींच्या मालकांना विचारून या.

म्हणून आम्ही वाडीत घरोघर गेलो. बहुतेकांनी एवढंच मागितलं की आमच्या विहिरीचं काय ते आधी आम्हांला कळू दे, मग जगाला सांगा. काकींनी मात्र आणखी एक अट घातली. त्यांच्या अंगणाला लागून चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे आणि पलीकडे त्यांचे धाकटे दीर राहतात, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. भावांची वाटणी झाली तेव्हा सगळं गोडीत झालं. मग दिरांच्या माडाचे झाप काकींच्या अबोलीवर पडायला लागले, त्यावरून शब्द झाले, आणि ते बंद झाले ते झालेच. काकींचा नवरा गेला तेव्हा दीर आले, मागे उभे राहिले, आणि न बोलता गेले. काकी म्हणाल्या, “माझ्या बावीचा काय ता माका सांगा. पण गडग्यापलीकडे कळाक नको. तो हसात.” वकिलांनी याचं सर्वांना लागू होईल असं कलम केलं: एका विहिरीची माहिती तिच्या मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणालाही सांगू नये. मला हे कलम फार आवडलं. सह्या झाल्या. या वेळी फोटो काढायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

आणि मग ज्या गोष्टीसाठी मी इतक्या चपला झिजवल्या ती अगदी मुकाट्याने झाली. मुदत संपायच्या आत त्यांच्या नोंदी आमच्याकडे आल्या, आमच्या त्यांच्याकडे गेल्या. कोणी ‘यथावकाश’ म्हटलं नाही. केंद्रप्रमुख स्वतः आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसले आणि आम्ही दोन अर्ध्या भाकऱ्या एकत्र ठेवल्या. कबूल करते, कागदाला मी इतकी वर्षं हिणवत आले, आणि या एका कागदाने आमच्यातला संशय काढून टाकला होता. मी त्याला नोंदी देताना दोनदा विचार केला नाही, त्यानेही केला नाही.

नकाशा तयार झाला आणि आमचे चेहरे उतरले. काकींच्या दोन्ही जागा वाईट होत्या. उंडीखाली गोड्या पाण्याचा थर पातळ, खाडीकडे त्याहून पातळ. दोन उन्हाळ्यांत दोन्ही विहिरी खाऱ्या झाल्या असत्या. थर जाड होता तो मधल्या उंचवट्याखाली. तिथे एक जुनी, फारशी न वापरलेली विहीर होती आणि तिचं पाणी भर वैशाखात गोडं राहायचं, हे आमच्या बाटल्या वर्षानुवर्षं सांगत होत्या. तो उंचवटा वाटणीत धाकट्या भावाकडे गेला होता. गडग्यापासून हाकेच्याही अलीकडे.

आम्ही दोघं काकींकडे गेलो. त्या वाफ्यात वाकून कळे काढत होत्या. त्यांना त्यांच्या विहिरीचं सांगितलं, दोन्ही जागांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ओच्यातले कळे सुपात ओतले.

“मगे खंय खणू?”

केंद्रप्रमुख आपल्या चपलेकडे बघायला लागले. म्हणाले, “त्याबाबत माहिती देणे तूर्त आम्हांस शक्य नाही.” अंगणात उभे राहून ऑफिसातली मराठी. मला त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं.

काकी माझ्याकडे वळल्या. “म्हायत नाय, की सांगूक येणा नाय?”

“सांगता येत नाही, काकी. तसं लिहिलंय.”

“ह्या कोणी लिवल्यान?”

“तुम्हीच. दुसऱ्याच्या विहिरीचं सांगायचं नाही म्हणून.”

त्या सुपातल्या कळ्यांवरून हात फिरवत राहिल्या. त्या फुलांकडे बघून मला माझीच लाज वाटली. गडग्यापलीकडे नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. पण काकींसाठी ते कलम मोडलं, तर उद्या होमस्टेवाल्यांसाठी कोण मोडेल आणि परवा जमिनीच्या दलालांसाठी कोण, हे मला दिसत होतं. ज्या कागदाचं एवढं कौतुक केलं त्याने माझंच तोंड शिवलं होतं, आणि टाके मी मोठ्या आनंदाने घालून घेतले होते.

एकच वाट उरली. आम्ही रस्त्याने वळसा घालून दिरांकडे गेलो. ते ओटीवर पेपर वाचत होते. त्यांच्या विहिरीचं त्यांना सांगितलं: पाणी उत्तम आहे, अजून एक विहीर सहज निघेल. मग केंद्रप्रमुखांनी संमतीचा कागद पुढे केला. ही माहिती विहीर खणू इच्छिणाऱ्या शेजाऱ्यांना देण्यास आपली हरकत नसल्यास कृपया स्वाक्षरी करावी, वगैरे.

त्यांनी कागद पुढून वाचला, मागून वाचला, प्रवाशाने दिलेली नोट तपासावी तसा उजेडात धरला.

“शेजारी म्हणजे कोण?”

आम्ही गडग्याकडे बघायचं टाळलं.

“आणि तिच्या बावीचा काय?”

“ते सांगता येत नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे वायट.” त्यांनी घडी घातली. बराच वेळ गडग्याकडे बघत बसले. आता नाही म्हणाले तर सगळं संपलं, हे मला कळत होतं आणि मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले होते. मग ते म्हणाले, “तुमी कित्याक सांगतास? माका तोंड नाय?” आणि कागद, सही न करताच, माझ्या हातात देऊन उठले.

ते माडाखालून चालत गडग्यापाशी गेले. आम्ही चार पावलं मागे थांबलो. पलीकडे काकी अजून वाफ्यातच होत्या.

“वयनी,” त्यांनी हाक मारली.

काकींचा हात कळ्यावर थांबला. त्या लगेच वळल्या नाहीत.

“गोडा पाणी माझ्या वाट्याक इला. तू हय खण. मी मधलो गडगो काढतंय.”

काकी सरळ उभ्या राहिल्या. पदराने हात पुसत गडग्यापर्यंत आल्या आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“भावजी, इतकी वर्सां खंय होतास?”

“हयसरच होतंय,” ते म्हणाले.

काकी आत गेल्या आणि आलेल्या माणसाला देतात तसं पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. घरात पाणी काकींच्या स्वतःच्या विहिरीचंच होतं. त्यात त्या महिन्यात किती मीठ होतं ते मला पाठ होतं; घोटभरही तोंडात धरवत नाही. दिरांनी गुळाला हात लावला नाही. गडग्यावरून तांब्या घेतला, शेवटपर्यंत रिकामा केला आणि परत दिला.